नऊ स्पॉरन आणि दोनशे चाळीस पौंड

१४ जानेवारी २०२४, पर्थ (स्कॉटलंड)

मुलांच्या पाइप बँडच्या, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रम वाजवणाऱ्या पथकाच्या, पालकसभेत आज "मी बघते" असं बोलून गेले. आपल्याकडे हे दोन शब्द कुणी फारसे मनावर घेत नाही. इथे ते लगेच सभेच्या वृत्तान्तात उतरतात आणि पुढे आपलं नाव लागतं. तर काम असं: नऊ मुलं, नऊ स्पॉरन (किल्ट, म्हणजे स्कॉटिश घागरा, त्याच्यापुढे लटकवायचे बटवे), १ जूनच्या मिरवणुकीआधी. पैसे २४० पौंड. किल्ट शेजारच्या गावातल्या बँडकडून उसने मिळणार आहेत. मोजे आणि बूट ज्याचे त्याने आणायचे.

नवा साधा काळ्या चामड्याचा स्पॉरन पन्नास पौंडांच्या आसपास पडतो, म्हणजे नऊंचे साडेचारशे. म्हणून जुने घ्यायचे, आणि ते ऑनलाइन. माझ्यानंतर ज्याच्या गळ्यात हे काम पडेल त्याच्यासाठी ही वही.

२० जानेवारी

काय घ्यायचं तेच आधी शिकून घेतलं. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत स्पोरान म्हणजे पैशाची पिशवी. किल्टला खिसा नसतो, म्हणून कमरेपुढे साखळीने लटकवलेला हा बटवा. माझ्या आजीच्या कनवटीलाही एक असायचा, पण ती तो लपवायची. हे लोक मिरवतात.

प्रकार ढोबळमानाने तीन. रोजच्या वापराचा साधा चामड्याचा, पुढे झडप आणि तीन गोंडे. मेजवानी-लग्नाचा, म्हणजे सीलच्या किंवा दुसऱ्या केसाळ कातड्याचा. त्याच्या वर धातूची कमान, तिला कँटल म्हणतात. आणि तिसरा घोड्याच्या केसांचा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा. सैन्यातले आणि बँडवाले तो घालतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात हे केस लांबच लांब होत गेले. आता बरेच बँड तो प्रकार सोडून साध्या चामड्यावर आलेत आणि जुना माल विकून टाकतात. आम्हाला पहिला प्रकार हवा: काळा, तीन गोंड्यांचा, मिरवणुकीत दहा पावलांवरून एकसारखा दिसेल असा. बँडचे प्रमुख, पाइप-मेजर आजोबा, त्यांचं म्हणणं, "जवळून बघायला कोण येतंय?"

शोधताना एक युक्ती सापडली. इंग्रजीत या शब्दात आर दोनदा येतो. पुष्कळ विकणारे एकच लिहितात, किंवा ए च्या जागी ई घालतात, किंवा सरळ 'स्कॉटिश पर्स' म्हणतात. माळा आवरताना सासऱ्यांची पेटी सापडलेल्या माणसाला हे शब्द कुठून माहीत असणार? अशा चुकलेल्या नावांच्या मालावर बोली लावणारेही कमी. दुसरी गोष्ट, मागितलेल्या किमती बघून उपयोग नाही. ईबेवर 'विकले गेलेले' एवढंच दाखव म्हणून सांगता येतं, खरा भाव तिथे कळतो. चाळीस मागणारे चिक्कार आहेत, पण साधा काळा स्पॉरन पंधरा ते तीसला जातो.

२७ जानेवारी

पहिलं पार्सल. १४ पौंड आणि टपालाचे ४. वर्णनात लिहिलं होतं, 'जुना, काळं चामडं, छान स्थितीत'. फोटो तीन, तिन्ही पुढून. परवा बर्न्स नाइट झाली (कवी रॉबर्ट बर्न्सच्या जन्मदिवसाची मेजवानी, लोक किल्ट घालून जातात), त्यामुळे आता मागणी उतरेल आणि घाई करायला नको, हे कळत होतं. तरी केली.

पुढून खरंच देखणा आहे. उलटा केला तर हाताला विटेच्या भुकटीसारखी तांबडी पूड लागली. मागचं चामडं भुसभुशीत, आणि साखळीचा पट्टा ज्या दोन घरांतून जातो त्यांतलं एक फाटलेलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला होता, ओट्यावरही तांबडा शिडकावा.

२८ जानेवारी

या रोगाला इथे 'रेड रॉट' म्हणतात. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्याला होतो, विशेषतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या. कोळशाच्या आणि गॅसच्या धुरातला गंधक चामड्यात मुरतो, त्याचं आम्ल होतं आणि आतले तंतू तुटत जातात. परतीची वाट नाही. तेल चोळून बघू असं मनात आलं होतं, पण त्याने चामडं नुसतं काळवंडतं आणि चिकट होतं. म्युझियमवाले एक पातळ द्रव लावून पूड जागेवर थोपवतात, बरं करत नाहीत. अकरा वर्षांच्या मुलाच्या कमरेला बांधून मैलभर चालवायचा असेल तर हा गेलाच म्हणायचा.

विकणाऱ्याला लिहिलं. उत्तर आलं, 'जुनी वस्तू जुनीच असते.' चार दिवस भांडण्यापेक्षा साखळी आणि तीन गोंडे काढून ठेवले. साखळी उत्तम आहे.

रात्री आईचा फोन. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, "उलटा करून बघितलास का?"

"अगं, फोटोत कसा उलटा करणार?"

"मग तो फोटो मागायचा. पैठणी घेताना आपण पदर उलटाच करतो ना आधी?"

खरं आहे. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही तशीच निघते, लोंबते धागे दिसले की दुकानदार काहीही म्हणो, आई उठून चपला घालायची. सातारच्या पेठेत तिच्याबरोबर लहानपणी दहा वेळा हेच पाहिलंय, आणि इथे तीन फोटोंवर भाळून १८ पौंड घालवले. विकणारा दर्शनी बाजू दाखवतो यात त्याचं चुकत नाही. पाठ बघायचं काम घेणाऱ्याचं.

४ फेब्रुवारी

आता प्रत्येक विकणाऱ्याला एकच निरोप जातो. चार गोष्टी मागते: पाठीचा फोटो, झडप उघडून आतला फोटो, मोजपट्टी शेजारी ठेवून एक फोटो, आणि मागच्या दोन कड्या किंवा घरं बोटाने ओढून बघून 'हलतात का' याचं उत्तर. जे खरे आहेत ते तासाभरात पाठवतात. एका बाईंनी तर व्हिडिओ पाठवला, त्यात त्यांच्या मांजराने स्पॉरनवर झेप घेतली. मांजराच्या दातांना चामडं पुरून उरलं, पण तो तपकिरी होता.

काल एका लिलावात हरले. शेवटच्या दिवशी दुपारपासून दोन-दोन पौंडांनी वाढवत गेले, समोरचाही वाढवत गेला, आणि ३४ वर तो घेऊन गेला. वस्तू पंचविसाच्या वरची नव्हती. पाइप-मेजर आजोबा हसले. म्हणाले, आपल्याला जास्तीत जास्त किती द्यायचे ते कागदावर लिही, शेवटच्या दहा सेकंदांत तेवढा आकडा एकदाच टाक आणि चहा करायला जा. यंत्रणा समोरच्यापेक्षा एक पायरीच वर जाते, पूर्ण आकडा घेत नाही. आधीपासून बोली लावत बसणं म्हणजे दुसऱ्याला 'ही वस्तू चांगली आहे बरं का' असं ओरडून सांगणं.

११ फेब्रुवारी

चहा केला. परत आले तर चार स्पॉरन आमचे झाले होते. एका बंद पडलेल्या बँडचा माल, चारही एकाच साच्याचे, काळे, तीन गोंडे, टपालासह ५२ पौंड. पाठीचे फोटो आधीच बघितले होते: शिवण शाबूत, कड्या पितळी, आतमध्ये शाईने लिहिलेले आकडे, ३, ७, ८ आणि ११. म्हणजे १, २, ४, ५ वगैरे अजून कुठेतरी आहेत. साखळ्या दोघांनाच.

२४ फेब्रुवारी

आज काम काही नाही, पण मुलाला घेऊन बालहाउझी कॅसलला गेले. आमच्या घरापासून चालत वीस मिनिटं. ब्लॅक वॉच पलटणीचं म्युझियम तिथे आहे. काचेमागे त्यांचे घोड्याच्या केसांचे स्पॉरन: पांढरे केस, त्यावर पाच आखूड काळे गोंडे. पलटण ओळखायची ती गोंड्यांवरून, हे तिथे नीट डोक्यात शिरलं. सीफोर्थ आणि गॉर्डन, दोन्ही हायलँडर पलटणींचे पांढरे केस आणि दोन लांब काळे गोंडे. कॅमरन हायलँडर्सचं उलट, काळे केस आणि दोन पांढरे गोंडे. चिरंजीवांनी विचारलं, "आपण असे का नाही घेत?" मी म्हटलं, तू साइड ड्रम वाजवतोस, ड्रमखाली घोड्याची शेपूट घेऊन चालणार आहेस का?

विषय तिथे संपायला हवा होता.

२ मार्च

आज मोह. 'अस्सल चांदीची कँटल, सीलचं कातडं, १९५०चं दशक', बोली ६० वर. बँडच्या कामाचा नव्हेच. पुण्याहून मामाने गेल्या आठवड्यात सांगून ठेवलं होतं, "मुंबईच्या क्लबात घालायला एक बघ माझ्यासाठी." म्हणून पाठीचा फोटो मागितला.

चांदीची गोष्ट नीट लिहून ठेवते, कारण इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि बहुतेक वेळा विकणारा स्वतःच फसलेला असतो. ब्रिटनमध्ये चांदीवर सरकारमान्य छाप मारतात, आणि स्पॉरनवर तो बहुधा कँटलच्या मागे किंवा कडेला असतो. एडिंबराला तपासलेली असेल तर तीन बुरुजांचा किल्ला. त्याच्या शेजारी १९७४ पर्यंत काट्याचं फूल, थिसल, आणि १९७५ पासून मागच्या पायांवर उभा सिंह. बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर. ग्लासगोच्या छापात झाड, घंटा आणि मासा. ते कार्यालय १९६४ साली बंद झालं, त्यामुळे हा छाप दिसला तर वस्तू निदान त्याआधीची. सोबत करणाऱ्याची आद्याक्षरं आणि वर्षाचं एक अक्षर. यातलं काहीच नसेल तर ती चांदी नाही असंच धरून चालावं.

फोटो आला. मागे चार छोट्या चौकटी, सुबक, लांबून हुबेहूब छापासारख्या. मोठं करून बघितलं तर ई, पी, एन, एस. म्हणजे निकेलच्या मिश्रधातूवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. वस्तू वाईट नाही, पण साठ पौंडांची चांदी नव्हे. विकणाऱ्याला कळवलं, त्यांनी खरंच वर्णन बदललं. काही जण लोहचुंबक लावून बघा म्हणतात. त्याने फक्त पोलाद पकडलं जातं. पितळ, निकेलचा तो मिश्रधातू, चांदी, तिघांनाही चुंबक चिकटत नाही.

मामाला नाही कळवलं. त्याचं खरं कारण कातडं. युरोपात २०१० पासून सीलचा नवा माल बाजारात आणायला बंदी आहे, त्यातून उत्तरेकडच्या इनुइट लोकांची शिकार वगळली आहे. अमेरिकेत तर १९७२ च्या कायद्यापासूनच सीलची वस्तू नेणं अवघड. भारताने २०१८ साली आयातच थांबवली. जुना स्पॉरन इथे विकत घेता येतो, पण मुंबईच्या विमानतळावर मामाची बॅग उघडली की क्लब राहील बाजूला. बिज्जूचं अख्खं तोंड लावलेले स्पॉरनही सारखे समोर येतात. इथल्या १९९२ च्या कायद्याने बिज्जूला संरक्षण आहे, तो प्राणी कायदेशीरपणे मेला हे दाखवता आलं पाहिजे. पाणमांजराचं त्याहून कडक. शिवाय जुनी पेंढा भरलेली तोंडं पूर्वी आर्सेनिक लावून टिकवायचे. तोंडाकडे बघू नये आणि हातही लावू नये.

९ मार्च

घेतले. घोड्याच्या केसांचे सहा, एकगठ्ठा, ४५ पौंड. बँडच्या पैशातून नाही, माझ्या. का घेतले याचं उत्तर माझ्याकडे नाही. पाठीचे फोटो मात्र मागितले होते.

केसांच्या मुळाशी काय आहे ते फोटोत दिसत नाही. पार्सल उघडलं, एक झटकला, तर वर्तमानपत्रावर बारीक भुसा आणि एक तपकिरी केसाळ अळी. कसर. गालिचे खाणाऱ्या भुंग्याची अळी आहे ही; लोकर, पिसं, केस, कातडं, काहीही खाते. घरात आईने दिलेल्या चार पैठण्या, दोन शालू आणि आजोबांची घोंगडी आहे. पुढच्या पाच मिनिटांत सहाही स्पॉरन प्लास्टिकच्या पिशव्यांत, हवा काढून, चिकटपट्टी लावून फ्रीझरमध्ये गेले.

उणे अठरा अंशांवर दोन आठवडे ठेवायचे. काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, घरातल्या उबेला येऊ द्यायची, नाहीतर आतल्या थंड कातड्यावर दव धरतं.

नवऱ्याने रात्री वाटाणे काढायला फ्रीझर उघडला. वाटाण्यांच्या आणि खवलेल्या नारळाच्या मधोमध पांढऱ्या केसांचा झुबका. किंचाळला नाही, पण बराच वेळ काही बोललाही नाही.

२४ मार्च

बाहेर काढले. संध्याकाळपर्यंत पिशव्या तशाच ठेवल्या. मग अंगणात मऊ ब्रशने झटकले. सहातले दोन मुळापासून झडले, ते फेकले. चार चांगले. घोड्याचे केस कोमट पाण्यात माणसाच्या केसांसारखे धुता येतात, फक्त वरचं चामडं भिजू द्यायचं नाही. उलटे टांगून वाळवले. आईने मागच्या खेपेला दिलेलं वेखंड पैठण्यांत आहेच, त्यातले दोन तुकडे इकडे. डांबराच्या गोळ्या इथे आता मिळत नाहीत. आणि मिळाल्या तरी बँडमध्ये त्या वासाने चालणार कोण?

३० मार्च

चारपैकी एक वेगळा आहे. पांढरे केस, दोन लांब काळे गोंडे, वरचं चामडं काळं, मधोमध बिल्ला जिथे होता तिथे नुसती दोन भोकं. पाइप-मेजर आजोबांनी तो हातावर तोलला. "सीफोर्थ किंवा गॉर्डन. बिल्ल्याशिवाय मी शपथ घेणार नाही."

मग सीफोर्थबद्दल वाचत बसले. १८८१ साली ७२ आणि ७८ क्रमांकाच्या दोन पलटणी एकत्र करून सीफोर्थ हायलँडर्स झाली. आणि ही ७८ वी म्हणजे, वाचता वाचता थांबले, २३ सप्टेंबर १८०३ ला वेलस्लीबरोबर असईला होती. आपली असई. शिंदे आणि भोसले एका बाजूला, कंपनीची फौज दुसऱ्या. केळणा ओलांडून वेलस्ली आला तेव्हा त्याच्याकडच्या दोन गोऱ्या पायदळ पलटणी हायलँडच्याच होत्या, ७४ आणि ७८. शिंद्यांच्या तोफखान्यापुढे ७४ वी जवळजवळ कापली गेली. नंतर कंपनीने त्यांना हत्तीचं चित्र आणि 'असई' अशी अक्षरं असलेलं खास निशाण दिलं. जालना जिल्ह्यातल्या एका लहानशा खेड्याचं नाव इथल्या पलटणींच्या झेंड्यावर.

नवरा जालन्याचा. त्याला स्पॉरन दाखवून हे सांगितलं. तो गोंड्यांशी खेळत म्हणाला, "म्हणजे हा आमच्याकडची लढाई जिंकलेल्यांचा बटवा, आणि तो दोन आठवडे माझ्या वाटाण्यांबरोबर होता."

हा स्पॉरन त्या लढाईइतका जुना मुळीच नाही, हे त्याला माहीत आहे आणि मलाही. शिवण यंत्राची आहे.

१३ एप्रिल

आता पुन्हा कामाचं. पाच कमी आहेत.

'व्हिंटेज' म्हणून लावलेले दोन घेतले, १९ चा एक, टपाल फुकट. पाठ बघूनच कळलं होतं की नवे आहेत: चामड्याचा कोरा वास फोटोतून येत नाही, पण कोरी किनार दिसते. कड्यांवर घासल्याची खूण नाही, पट्ट्याच्या घरांत पट्ट्याचा वळ नाही, झडपेच्या आतलं टिचबटण चकचकीत. बहुधा सियालकोटचे. सियालकोटमध्ये चामड्याचा आणि बॅगपाइपचा मोठा धंदा आहे, जगभरचे बँड तिथला माल वापरतात. मुलांसाठी हे झकास आहेत, साखळ्यांसकट. मी व्हिंटेज म्हणून घेतलेच नाहीत, नवे म्हणूनच घेतले, आणि नव्याच्या मानाने स्वस्त पडले. त्या एका शब्दासाठी दहा पौंड जास्त देणारे मात्र रोज दिसतात.

मापाचं लिहायचं राहिलं होतं. मोठ्या माणसाचा स्पॉरन साडेसात-आठ इंच रुंद असतो. अकरा वर्षांच्या मुलीवर तो दप्तरासारखा दिसतो. सात इंचांच्या आतलेच बघायचे. मोजपट्टीशिवायच्या फोटोवर विश्वास ठेवला तर काय होतं ते शेजारच्या बँडला विचारा.

२१ एप्रिल

एका धर्मादाय दुकानाच्या ऑनलाइन विभागात दोन तपकिरी मिळाले, ९ चा एक, टपाल ६. एकूण २४. पाठ, कड्या, शिवण, सगळं ठणठणीत. साखळ्या नाहीत. रंग चुकला एवढाच दोष, म्हणून कुणी घेत नव्हतं. काळा रंग देणं आपल्या हातात आहे.

पद्धत: आधी सॅडल सोपने धुऊन, मग जुना मेणाचा थर स्पिरिटच्या फडक्याने काढून, पूर्ण वाळल्यावर स्पिरिटमधला काळा रंग, पातळ, तीन हात. गोंडे वेगळे काढून बुडवले. झडपेच्या टोकाची शिवण उसवली होती ती आरीने जुनीच भोकं मोकळी करून मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांनी घातली. नवीन भोकं पाडायची नाहीत, जुन्या चामड्यावर भोकांची रांग म्हणजे टपालाच्या तिकिटाची कड, तिथूनच फाटतं.

वाळल्यावर पांढरं फडकं घासून बघितलं. काळं झालं. पुन्हा पुसून काढलं, पुन्हा घासलं. चौथ्यांदा फडकं राखाडी. वर मेण. ठीक.

४ मे

नववा. क्रीफजवळच्या एका आजींनी गमट्री या जाहिरातींच्या साइटवर लावला होता, २७ पौंड, येऊन घेऊन जा. पाठीचा फोटो मागायची गरज नव्हती, त्यांनी स्वतःच उलटा करून हातात दिला. आतल्या बाजूला शिक्का: निकल ब्रदर्स, बँकफुट. बँकफुट म्हणजे आमच्या पर्थपासून जेमतेम आठ-नऊ मैल, गाडीने पंधरा-वीस मिनिटं. साऱ्या ब्रिटनभर बोल्या लावत फिरले आणि सगळ्यात चांगला स्पॉरन उंबऱ्यावरून आला.

शिवण बघत राहावी अशी. इंचाला किती टाके हे मोजलं नाही, मोजण्याची लाज वाटली. मिस्टरांचा होता म्हणाल्या. "खिशात पेपरमिंट असायचे नेहमी." आतल्या अस्तराला अजून वास आहे. साखळी त्यांनी ठेवून घेतली, नातवाला हवी आहे म्हणून. मी काही म्हटलं नाही.

१८ मे

सगळे नऊ मांडून हिशोब.

पहिला, मेलेला: १८. चौघांचा गठ्ठा: ५२. सियालकोटी दोन: ३८. तपकिरी दोन: २४. बँकफुटचा: २७. बेरीज १५९. साखळ्या पाच कमी होत्या, एक मेलेल्याची लागली, चार नव्या आठ पौंडांनी: ३२. रंग, दोरा, मेण, सोप: २१. एकूण २१२. शिल्लक २८. मेलेल्याचे गोंडेही वाया गेले नाहीत, गठ्ठ्यातल्या ८ नंबरला दोन लागले.

साखळी घेताना एक धडा: पट्ट्याची रुंदी आणि मागच्या घरांची रुंदी जुळली पाहिजे. जुन्या मालात घरं अरुंद असतात. चारपैकी एका नव्या पट्ट्याची टोकं रापीने कडेने छाटावी लागली.

संध्याकाळी मुलांना घालून बघितलं. कमरेच्या पट्ट्याखाली तीन-चार बोटं अंतर ठेवून लटकला पाहिजे. वर गेला तर पोटावर आदळतो, खाली गेला तर चालताना नको तिथे. ड्रमवाल्यांनी बाजूला, कमरेवर सरकवायचा. दहा पावलांवरून नऊही सारखे. पाचवर गेलं की बँकफुटचा ओळखू येतो. तो पाइप वाजवणाऱ्या सगळ्यात लहान मुलीला दिला. तिने लगेच झडप उघडून आत नाक घातलं आणि म्हणाली, "पेपरमिंट."

मुलं झडपांची टिचबटणं उघडबंद करत बसली होती, म्हणून त्यांना एडिंबराच्या चेंबर्स स्ट्रीटवरच्या म्युझियममधल्या कडीबद्दल सांगितलं. स्पॉरनच्या धातूच्या कडीत आत चार छोटी पिस्तुलं लपवलेली आहेत. किल्ली न लावता कुणी उघडायला गेलं की सुटावीत अशी रचना. त्यानंतर टिचबटणांचा आवाज दुप्पट झाला.

१ जून

मिरवणूक झाली. पाऊस झाला. स्कॉटलंडमध्ये दुसरं वाक्य लिहायची गरज नसते, पण आज आहे.

पहिली वीस मिनिटं रिमझिम, मग धो धो. पाइप वाजत राहिले, मुलं छान चालली, साखळी एकाचीही तुटली नाही, घर एकाचंही फाटलं नाही. निकल ब्रदर्सच्या स्पॉरनवरून पाणी आळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळलं.

मैदानावर पोचल्यावर माझं लक्ष माझ्याच मुलाकडे गेलं. रंगवलेल्या दोघांतला एक त्याच्याकडे, ड्रमपायी कमरेवर सरकवलेला. पुढून कोरडाठाक काळा. पाठीला मात्र मी मेण लावलंच नव्हतं. किल्टचा टार्टन, म्हणजे चौकड्यांचा नमुना, ब्लॅक वॉचचा, गडद हिरवा, निळा, काळा, त्यावर काही दिसत नाही. पण तिथून रंग खाली उतरला होता: गुडघ्यावर, आणि गुडघ्याखालच्या सायीच्या रंगाच्या लोकरी मोज्यावर, घोट्यापर्यंत, सरळ रेघेत.

पाइप-मेजर आजोबांनी वाकून बघितलं. म्हणाले, "दहा पावलांवरून दिसत नाही."

२ जून

मोजे रात्रभर गार पाण्यात आणि लोकरीच्या साबणात. रेघ काळी होती, आता जांभळी आहे. किल्ट उसना आहे, तो उद्या परत द्यायचा. उजेडात नेऊन उलटा करून बघितला. आतल्या बाजूला, तिसऱ्या चुणीपाशी, हाताच्या पंजाएवढा डाग आहे.

शिल्लक २८ पौंड. लोकरीचं ड्रायक्लीनिंग किती घेतात ते सकाळी फोन करून विचारायचं.